भेव वाटते का?

सुई टोचून झाली की आमच्या दवाखान्यातले ड्रेसर पेशंटच्या हातावर, टोचलेल्या जागेभोवती, जांभळ्या शाईनं एक गोल काढायचे. मग पेन खिशाला लावून, स्टूल ओढून समोर बसायचे आणि विचारायचे, "भेव वाटते का?"

आता तुम्हीच सांगा, असं कोणी विचारतं? समोर बसलेला गडी साठ फुटांवर लोखंडाच्या तुळईवरून विडी ओढत चालणारा. त्याला एवढ्याशा सुईनंतर भेव वाटते का म्हणून विचारायचं. माणसं हसायची, एकमेकांना कोपर मारायची. छत्तीसगढी मजूर असला तर हेच "डर लागत हे का?" असं व्हायचं. ते हसायचे नाहीत. घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हासा. पन वाटलं तं लपवू नका. अर्धा घंटा बसून राहा."

भिलाईत तेव्हा कारखाना उभा व्हायचा होता. पहिल्या भट्टीचं काम चाललं होतं. जिकडे पाहावं तिकडे लाल माती, सळया, फळ्या आणि माणसं. त्या सगळ्याच्या मध्ये पत्र्याची एक शेड, तो आमचा दवाखाना. डॉक्टर मोठ्या इस्पितळातून आठवड्यात दोनदा यायचे. बाकी दिवस मलमपट्टी करायला ते ड्रेसर आणि मी नर्स. मी तेवीस वर्षांची होते. नागपूरला शिकून नुकतीच आले होते, वडील रेल्वेत असल्यामुळे दुर्गला क्वार्टरमध्ये राहत होते आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती.

त्यांचं नाव लिहीत नाही. तिथंही कोणी घेत नसे. मजुरांमध्ये ते 'थांबा बाबू' होते, मी काका म्हणायची. पन्नाशीला आलेले, आधी नागपुरातल्या एका मिलच्या दवाखान्यात होते. नव्यानं बौद्ध झालेलं घर. काकूंना घेऊन रुआबांध्याकडे एका खोलीत राहायचे. उन्हाळ्यात, पत्र्यावर पापड भाजावेत अशा दिवसांतही पायात घोट्याच्या वर येणारे जाड बूट. चालायचे ते मान खाली घालून. वाटेत खिळा दिसला की वाकायचे, उचलायचे आणि खिशातल्या डबीत टाकायचे. शेडपर्यंत पोचेतो डबी वाजायला लागायची. "काका, दुकान काढता का खिळ्यांचं?" मी विचारायची. "एक खिळा एका मानसाचा," एवढंच म्हणायचे.

तो माणूस खरं तर ते स्वतःच होते, हे मला पुढं कळलं.

जखम झाली, लोखंड लागलं, खिळा रुतला की त्या काळी धनुर्वाताची सुई द्यायची ती घोड्याची. घोड्याला थोडं थोडं विष टोचत न्यायचं, घोड्याचं रक्त त्यावर उतारा तयार करतं, तो उतारा काढून बाटलीत भरायचा. पण त्या उताऱ्याबरोबर घोड्याच्या अंगातलं थोडं प्रथिनही येतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं निरुपद्रवी. कोणाचं काही वाकडं करत नाही. पहिल्यांदा अंगात जातं तेव्हा बहुतेकांना काहीच होत नाही. पण एखाद्याचं अंग ते ध्यानात ठेवतं आणि दुसऱ्यांदा आलं की शत्रू आला म्हणून उठतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्यांनी ते मला बाकावर बसून, चहा पिता पिता सांगितलं तेव्हा खरं समजलं.

"घरी पाहुना आला, सिस्टर. पहिल्यांदा आला तं कुत्र्यानं नुसतं हुंगलं. पाहुना गरीब, चहा पिऊन गेला. दुसऱ्यांदा आला तं कुत्रं पिसाळलं. पन ते पाहुन्याले नाही चावत. घरच्यायलेच चावते."

"तुम्हाला चावलंय वाटतं," मी गमतीनं म्हणाले.

त्यांनी बाही वर केली. दंडावर दोन जुने व्रण होते. "मिलमध्ये दोनदा सुई घेतली. पहिल्या बारीले काहीच नाही. सहा वर्सांनं दुसरी. आधी कान जळाले लागले. मंग तळहात खाजवाले लागले. अन् मंग भेव आलं."

"मरणाचं?"

"तसं नाही. साप दिसला तं मानूस भेते, ते निराळं. हे कुठून आलं ते दिसत नाही. दवाखान्यात बसून हावो, डॉक्टर समोर हाये, ऊन पडलं हाये, अन् एकदम वाटते का आता काही खरं नाही. अजून सूज नाही, दम नाही, काहीच नाही. फक्त भेव. सूज मंग आली." त्यांनी बाही खाली ओढली. "म्हून इचारतो. मानूस खाज सांगते, कान सांगते. भेव नाही सांगत. लाजते. अन् तेच पहिलं लक्षन हाये."

डॉक्टरांनी त्यांना तेव्हा कसंबसं वाचवलं होतं. तिसऱ्यांदा ही सुई म्हणजे मरण, असं बजावलं होतं. आणि हा माणूस नोकरीला आला तो खिळ्यांच्या आणि गंजक्या सळयांच्या या रानात. बूट का घालत होते आणि खाली का पाहत होते, ते मला त्या दिवशी कळलं. त्या दिवसापासून मीही खाली पाहून चालायला लागले.

दुर्ग स्टेशनवर तांग्यांची रांग असायची. काका दुसऱ्या बाजूनं जायचे, आणि जाता जाता घोड्याकडे पाहून हळूच म्हणायचे, "तुही माही वळख झाली बाप्पा, आता पुरे." तांगेवाला जखमी होऊन आला तर त्याला आमच्याकडे एक तास बसावं लागे, कारण घोड्याच्या सहवासातल्या माणसांचं अंग त्याला आधीच ओळखून असू शकतं.

एकदा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबांचा हात पत्र्यानं कापला. सुई झाली, शाईचा गोल झाला, काकांनी प्रश्न विचारला. दुभाषा अडखळला. शेवटी त्यानं विचारलं असावं, कारण साहेब लाल झाले. दुभाषा म्हणाला, "साहब कहते हैं, वो जंग में भी नहीं डरे." काका म्हणाले, "जंगमधलं मले माहीत नाही. त्याहीले म्हना, इथं अर्धा घंटा डरले तं चालते." साहेब हसले आणि अर्धा तास बसले. जाताना त्यांनी काकांना एक सिगारेट दिली. काका विडीशिवाय काही ओढत नसत, ती सिगारेट कितीतरी दिवस रजिस्टरात खूण म्हणून होती.

एक मुकादम मात्र त्यांच्या हातून पट्टी बांधून घ्यायला तयार नसे. सिस्टरच बांधेल, म्हणायचा. का, ते तो बोलायचा नाही आणि आम्हा दोघांनाही विचारायची गरज नव्हती. मी एकदा चिडले. काका कापूस फाडत म्हणाले, "जाऊ द्या. त्याच्या अंगाले कोनीतरी लहानपनी शिकवून ठेवलं. म्या काहीच नाही केलं, तरी मले पाहून त्याले पित्त उठते." आणि त्यांनी कापसाचा बोळा माझ्या हातात दिला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात साबणाची एक ॲल्युमिनियमची डबी असे. तीत उकळलेली सिरिंज, सुई आणि ॲड्रिनलिनची एक कुपी. कुत्रं पिसाळलं तर त्याला आवरायचं औषध तेवढं एकच. मी म्हणायची, कपाटात आहे की ते. ते म्हणायचे, "कपाट धावत नाही."

धान कापणीच्या दिवसांतली गोष्ट. दुपारी बांबूचं मचाण कोसळलं. नऊ माणसं खाली आली. दोघांची अवस्था वाईट होती, त्यांना घेऊन काका ट्रकमधून मोठ्या इस्पितळात गेले. जाताना म्हणाले, "सुई घाईनं देजा नका. टेस्टचा अर्धा घंटा म्हंजे अर्धा घंटा."

मी एकटी उरले. शेडमध्ये सात जखमी, दारात त्यांचे भाऊबंद आणि बाहेर तोच मुकादम, माणसं लवकर सोडा म्हणून ओरडणारा. एक तरुण मजूर, पोटरी फाटलेली. छातीवर पितळी बिल्ला. बिल्ल्यावरचा नंबर रजिस्टरात शोधला, नाव निघालं बुधराम.

"बुधराम?"

"हव."

"पहिली कभू सूजी लगे हे?"

त्यानं क्षणभर विचार केला. "बुधराम ला? नइ लगे हे."

ते ऐकूनही मला काही खटकलं नाही. मी टेस्टचा थेंब टोचला, गोल काढला. अर्धा तास त्या गोलात सूज येते का पाहायचं, नाही आली तरच पूर्ण सुई द्यायची, असा नियम होता. दहा मिनिटांनी पाहिलं, सूज दिसली नाही. पुढचा पेशंट रक्तानं भिजला होता. मी बुधरामला पूर्ण सुई दिली, पट्टी बांधली, बाकावर बस म्हणाले. मुकादमानं हाक मारली तसा तो उठला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. जा म्हणून. ती हललेली मान मला आजही आठवते.

थोड्याच वेळात काका परत आले. बूट रक्तानं माखले होते. त्यांनी ते नळावर धुतले, दाराशी उन्हात ठेवले आणि अनवाणीच आत येऊन रजिस्टर वाचायला लागले.

"बुधराम आला होता?"

"हो. पोटरी फाटली होती."

"बुधराम तं परवा धान कापाले गावी गेला. मीच त्याच्या पाठीवरचं गळू बांधून देलं." त्यांनी मान वर केली. "बिल्ला कोनाच्या छातीवर होता, सिस्टर?"

तुम्हाला एव्हाना समजलं असेल. गावी जाणारा मजूर आपला बिल्ला भावाला देऊन जायचा, म्हणजे काम सुटत नसे. बुधरामचा चुलतभाऊ समारू त्या बिल्ल्यावर काम करत होता. सांगितलं तर दोघांचंही काम गेलं असतं. मी बुधरामचं नाव घेऊन विचारलं, त्यानं बुधरामचं उत्तर दिलं. आणि ते खरंच होतं, बुधरामला कधी सुई लागली नव्हती. समारूला दोनच महिन्यांपूर्वी लागली होती, दुसऱ्या ठेकेदाराकडे असताना.

मी "काका, बूट" म्हणेपर्यंत ते दाराबाहेर होते. मी मागं धावले. फळ्यांच्या ढिगामधून, चुन्याच्या गोण्यांवरून ते खाली न पाहता धावत होते. त्यांना खाली न पाहता चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

समारू विटांच्या थप्पीमागे बसला होता. एकटाच. दोन्ही हातांनी कान चोळत होता. मानेवर, छातीवर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजायला लागले होते. काका त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि डबी उघडता उघडता विचारलं, "डर लागत हे का?"

त्या पोरगेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हव, बबा. बहुत."

"शाबास," काका म्हणाले आणि सुई टोचली.

दोन मिनिटं तो श्वास शोधत होता. मग त्याला तो सापडला. पाच-दहा मिनिटांत ओठ उतरले. मी रडत होते, माझ्या हातून माणूस जाणार होता आणि गेला नाही म्हणून. काका विटांना टेकून बसले. म्हणाले, "रडू नका. माह्या पायाकडे पाहा बरं जरा."

उजव्या तळव्यातून खिळा आत गेला होता. फळीतला, शेणामातीचा, बोटाएवढा. धावताना कळलंच नव्हतं.

डॉक्टर तासाभरात आले. त्यांनी जखम चिरून उघडी केली, धुतली, पेनिसिलिन दिलं. धनुर्वाताच्या सुईचं काय, हे विचारताना त्यांचाही आवाज बदलला. एक मार्ग होता. सुई पाण्यात पातळ करायची आणि थेंबाथेंबानं द्यायची. अर्ध्या अर्ध्या तासानं, दर वेळी थोडी जास्त. कुत्र्याला झोप लागलेली असताना पाहुण्यानं दबकत दबकत आत यावं तसं. साधलं तर साधलं. इस्पितळात मचाणावरचे दोघे मरणाशी झुंजत होते, डॉक्टरांना थांबता येत नव्हतं. ते मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आहात. जरा काही वेगळं वाटलं तर थांबवा."

काकांनी स्वतःच्या हातावर स्वतःच गोल काढला. हात स्थिर होता, गोल नेहमीपेक्षा नीट आला. मी पहिला थेंब दिला, स्टूल ओढलं आणि समोर बसले. आजवर हा प्रश्न मी कोणाला मनापासून विचारला नव्हता.

"काका, भेव वाटते का?"

"नाही."

दुसरा थेंब. "नाही." तिसरा. "नाही, सिस्टर." दारातलं ऊन बाकाच्या पायापर्यंत आलं. त्यांच्या खिशाला हात लावून मी दोनदा पाहिलं, डबीत नवी कुपी होती. चौथा थेंब मी सिरिंजमध्ये ओढला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"म्या खोटं बोललो," ते म्हणाले. "पहिल्यापासूनच वाटून राहिलं. पन हे भेव कोन्तं हाये, ते समजून नाही राहिलं. ते जुनं हाये का नुसतं माहं हाये."

मी त्यांचे कान पाहिले, तळहात पाहिले, ओठ पाहिले. काहीच नव्हतं. नाडी धावत होती, पण माझीही धावत होती.

"थांबवू का, काका?"

"तुमी पाहून राहिल्या. मले कसं दिसन? तुमी सांगा."

त्यांनीच मला शिकवलं होतं की आधी भेव येतं आणि सूज मागून. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्यांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं झालं. डॉक्टरांना निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं की जखम चांगली धुतली आहे, लक्ष ठेवा.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. रोज सकाळी ते बूट घालून, थोडं लंगडत यायचे. मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहायची. ते मुद्दाम जबडा उघडून दाखवायचे, लहान मुलांना बागुलबुवा दाखवावा तसा. आम्ही हसायचो. समारू रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन दारात बसायचा. मुठीतले खिळे काकांच्या डबीत टाकून जायचा.

नवव्या दिवशी काकांनी चहाचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि बाकाखाली जोडीनं ठेवले. दातांच्या फटीतून म्हणाले, "सिस्टर, घरी निरोप देजा."

धनुर्वाताच्या रोग्याची खोली तुम्ही पाहिली नसेल तर बरंच आहे. खिडक्यांना काळे पडदे असतात. आत कोणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, चपला बाहेर. जरा आवाज झाला की सगळं अंग धनुष्यासारखं ताठतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये काकू भिंतीला टेकून बसायच्या, त्यांच्या शेजारी समारू आणि गावाहून परतलेला बुधराम. बिल्ला त्या दोघांनी मिळून परत दिला होता.

इस्पितळातल्या चौथ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. मी अनवाणी गेले, पलंगापासून हातभर दूर उभी राहिले. जबडा मिटलेला, ओठ ताणलेले, कोणी अजाणत्यानं पाहिलं तर हा माणूस हसतोय म्हणाला असता. डोळे मात्र त्यांचेच होते. मला त्यांना त्यांचाच तो प्रश्न विचारायचा होता आणि आवाज करायची मनाई होती. त्यांना कळलं. माझ्याकडे पाहत त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. एकदा. आम्ही मुक्या पेशंटांना शिकवायचो, एकदा म्हणजे हो.

संध्याकाळी ते गेले.

तो चौथा थेंब दिला असता तर, हे मी पुढं दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, वाचले असते. दुसरे म्हणाले, तिथंच स्टुलावर गेले असते. दोघंही हुशार होते. मला एवढंच माहीत आहे की त्या दुपारी ट्रेमध्ये जे होतं ते औषध होतं, आणि मी त्याला शत्रू समजून बाहेर ठेवलं. कदाचित तो शत्रू होताही. मला अजून ठरवता येत नाही, आणि झोपेतून जाग येते ती याच विचारानं.

पुढं घोड्याशिवायच्या सुया आल्या. शाईचा गोल गेला, अर्धा तास गेला. माझ्याबरोबरच्या पोरी सुई टोचून "नेक्स्ट" म्हणायच्या. मी नोकरी संपेपर्यंत प्रत्येकाला विचारत राहिले. बहुतेक जण हसून नाही म्हणायचे. क्वचित एखादा हो म्हणायचा. तेव्हा मी त्याचे कान पाहायची, ओठ पाहायची, नाडी पाहायची. त्याचं भेव कोणतं, ते मला तेव्हाही कळायचं नाही. मग मी स्टूल ओढायची आणि अर्धा तास त्याचा हात धरून बसायची.